चार बोटं खिडकी

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात माझं नाव काढलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "त्यानं मासे जगवायला आजारी माणसाला वाऱ्यावर ठेवलं." सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती खोली पाहिलेली नाही, आणि ज्यांनी पाहिली त्यांना पाण्यातलं काही कळत नाही. बरीच वर्षं मी हे ऐकून घेतलं. काही वेळा घेतलं नाही, आणि त्या वेळची माझी भांडणं लोकांना त्या वाक्याहून जास्त पाठ आहेत. आता दुकान मी विकलं आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यावर लिहा म्हणून निरोप पाठवला, तेव्हा मी त्यांना आधीच बजावलं की मधलं काही कापायचं असेल तर छापूच नका. ते बरं म्हणाले. म्हणून लिहितो.

लोकांच्या घरात समुद्र सांभाळणं हा माझा धंदा. शोभेच्या माशांचं दुकान म्हटलं की गोल काचेचं भांडं आणि त्यात फिरणारा एक लाल मासा डोळ्यांपुढे येतो. सुरुवात माझीही तशीच झाली. आमचे पूर्वज जुन्या म्हैसूरच्या फौजेत होते. माझ्यापर्यंत येईतो घरात तलवारीच्या गोष्टी उरल्या होत्या, तलवार नव्हती. मार्केटच्या मागच्या अंगाला सायकलच्या दांडीला पाण्याच्या पिशव्या टांगून मी गप्पी मासे विकले. मग एक खोकं घेतलं, मग गाळा. खाऱ्या पाण्याकडे वळलो तो निव्वळ हट्टानं. चेन्नईचा एक ठोक व्यापारी मला म्हणाला होता, "म्हैसूरवाल्यांना कशाला हवेत प्रवाळ? तुमच्याकडे समुद्र कुठाय?" त्याच्याशी घसा बसेपर्यंत घासाघीस करून मी पहिले प्रवाळ उचलले आणि घरी आणून त्यातले निम्मे मारले. म्हैसूरला समुद्र पोत्यातून येतो. पोत्यातलं मीठ, गाळलेलं पाणी, पंप, दिवे आणि रोजची नजर, एवढ्यावर तो तगवायचा असतो.

ज्यांनी अशी टाकी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. प्रवाळ म्हणजे रंगीत दगड नव्हे. तो जिवंत प्राणी आहे आणि त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती राहतात. दिवे लागले की या वनस्पती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऑक्सिजन सोडतात. दिवे मालवले की टाकीतलं सगळंच, मासे, प्रवाळ, शेवाळ, दगडांतले जिवाणू, नुसतं श्वास घेत राहतं. रात्रभर ऑक्सिजन घटतो आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो. तो पाण्यात विरघळला की पाणी आंबटाकडे झुकतं. हे झुकणं ज्या आकड्यानं मोजतात तो पीएच. आकडा जितका खाली, तितकं पाणी आंबट. समुद्राचा आकडा आठच्या थोडा वर असतो. चांगल्या टाकीत तो पहाटे सर्वांत खाली आणि संध्याकाळी दिवे मालवायच्या आधी सर्वांत वर असतो. तो खालीच राहू लागला तर प्रवाळाला आपला सांगाडा बांधता येत नाही. तो मिटून बसतो, फिका पडतो, आणि एक दिवस नुसता पांढरा दगड उरतो.

टाकीला नाक नाही. तिचा श्वास पाण्याच्या वरच्या थरातून चालतो. म्हणून पाणी वरून सतत हलतं ठेवावं लागतं. शिवाय स्किमर नावाचं एक यंत्र असतं. ते एका नळीनं हवा ओढून पाण्यात बारीक फेस करतं. फेसाबरोबर घाण वर येते आणि पाण्याला हवाही मिळते. मात्र ते हवा ओढतं ती खोलीतली. खोलीत जशी हवा, तसं टाकीत पाणी.

हे मला शिकवलं हुणसूरच्या एका तंबाखूवाल्याच्या टाकीनं. एरवी ती टाकी ठणठणीत असायची. तंबाखू भाजायच्या भट्ट्या पेटल्या की तिचा पीएच उतरायचा. मी चुन्याची निवळी घातली, सोडा घातला, पाणी बदललं. आकडा चढायचा आणि दुसऱ्या दिवशी परत खाली यायचा. मालक म्हणाला, "तुझ्या मिठातच खोट आहे." मी पेटलो. त्याच्या ओसरीवर उभा राहून त्याच्या तंबाखूत काय काय खोट आहे ते मी त्याला ऐकवू लागलो, तेवढ्यात भट्टीच्या धुराचा लोट आत आला आणि दोघांनाही खोकला लागला. खोकता खोकता मला उमगलं. टाकीच्या शेजारची खिडकी थेट भट्टीकडे उघडत होती. स्किमरची नळी मी मागच्या परसात पेरूच्या झाडाखाली नेली आणि आकडा जागेवर आला. मालकानं मिठावरून काढलेला शब्द मागे घेतला नाही. मीही तो विसरलेलो नाही. पण तेव्हापासून मला सवय लागली. पीएच उतरला की मी आधी खोली बघतो, मग पाणी.

आता पांडूबद्दल.

वसंतराव आणि पांडुरंग हे भाऊ मोहल्ल्यातले नावाजलेले शिंपी. विठ्ठलाचं करणारं जुनं घराणं, राहायला म्हैसूरच्याच विजयनगर भागात. वसंतरावांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. ते मापं घ्यायचे, गिऱ्हाईक सांभाळायचे, बोलायचे. धाकटा पांडू कापायचा. तो बोलायचा कमी, आणि बोलला तरी कापडाकडे बघून. एकदा कुठल्याशा कामानं माझ्या शेजारच्या गाळ्यात आला होता, तिथून माझ्या प्रवाळाच्या टाकीपुढे येऊन उभा राहिला.

"हा रंग कुणी दिला?"

"कुणी नाही. तो तसाच असतो."

"धुतला तर जातो?"

"जिवंत आहे तोवर जात नाही."

"हौदा?" असं काय, असं कन्नडात म्हणाला आणि काचेशी वाकून बघत राहिला.

मग तो रोज येऊ लागला. घासाघिशीत मला हरवणारा आयुष्यात हा एकच भेटला, आणि तोही तोंड न उघडता. प्रवाळाकडे बघत नुसता उभा राहायचा. मी भाव सांगायचो, तो गप्प. मी आपला आपणच उतरत जायचो, आणि माझ्या खालच्या पायरीला आलो की मान हलवायचा. त्याच्या खोलीत मी टाकी बसवली तेव्हा प्रवाळ कुठे ठेवायचे ते त्यानं मला ठरवू दिलं नाही. जांभळ्याशेजारी हिरवा, हिरव्याखाली गडद तपकिरी, कापडाला अस्तर जुळवावं तसे त्यानं ते लावले. मी पुष्कळ टाक्या लावल्या. तशी एकही नाही.

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कात्रीचा हात गेला. इस्पितळातून आणल्यावर त्याचा पलंग टाकीसमोर लावला. त्याची बायको इंदिराक्का मला म्हणाली, "मासा डावीकडे गेला की यांची नजर डावीकडे जाते. तेवढ्यापुरते हे आमच्यात असतात. बाकी वेळ कुठे असतात कळत नाही." ती टाकी गेली असती तर त्या माणसाला बघायला छत उरलं असतं. हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं, आणि मला त्यांच्याइतकंच.

थंडीच्या आधी अण्णांचा निरोप आला. "शिपाई, ये. टाकीत काहीतरी बिघडलंय." पूर्वजांवरून ते मला शिपाई म्हणायचे. मूड चांगला असेल तर लाडानं, नसेल तर टोमणा म्हणून.

वरच्या मजल्यावर गेलो. दार ढकललं तर ते जड लागलं, कारण उंबऱ्याशी वाळू भरलेली कापडाची लांब गुंडाळी होती. आत पाऊल टाकलं आणि थबकलो. दोन्ही खिडक्यांवर गाद्या होत्या. साध्या गाद्या नव्हेत. बाहेरून जाड कॅनव्हास, मध्ये कापूस, आतून मऊ गर्द निळी मखमल. चौकटीच्या मापात तंतोतंत बेतलेल्या, कडेला गोट, कोपऱ्यांत आकडे. बोटानं चाचपून पाहिलं, सुई जाईल एवढीही फट नव्हती. टाकीलासुद्धा वरून तसलंच झाकण शिवलं होतं, पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून. लोक प्रेम बोलून दाखवतात. अण्णांनी शिवून दाखवलं होतं. उदबत्ती जळत होती, पांडू कानटोपी घालून पडला होता, इंदिराक्का उशाशी, अण्णा दाराशी. मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडत होते.

मी पहिलं ते झाकण काढलं.

"आवाजानं त्याला झोप लागत नाही," अण्णा म्हणाले.

"तो आवाज म्हणजे टाकीचा श्वास आहे, अण्णा. तुम्ही तिच्या तोंडावर उशी ठेवलीत."

संध्याकाळपर्यंत मासे खाली उतरले, पोहू लागले. ऑक्सिजनचं भागलं होतं. पण प्रवाळ मिटलेलेच, आणि पीएच सात पूर्णांक सातवर अडून बसलेला, संध्याकाळी सर्वांत वर असायच्या वेळेला. इथेच नवखे लोक फसतात. त्यांना वाटतं ऑक्सिजन आला म्हणजे कार्बन डायऑक्साइड गेला. तसं नसतं. पाण्यात ऑक्सिजन पोटभर असूनही दुसरा वायू साठलेला असू शकतो. पाण्याचे क्षार तपासले, ते बरोबर होते. म्हणजे औषध घालून उपयोग नव्हता.

मी टाकीतलं पाणी दोन पेल्यांत घेतलं. दोन्हींत हवेचे छोटे पंप सोडले. एक पेला खोलीत ठेवला, दुसरा बाहेर सज्जात. मग चहा घेतला. चहा झाल्यावर दोन्ही पेले अण्णांपुढे ठेवून पीएचचा मीटर बुडवला. सज्जातला आठच्या वर गेला होता. खोलीतला जागचा हललाही नव्हता.

"पाणी एकच, मीठ एकच," मी म्हणालो. "हवा तेवढी वेगळी."

अण्णा हुशार माणूस. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "म्हणजे खोलीतच तो वायू भरलाय."

"आपण सगळे इथे जो श्वास सोडतो तो जाणार कुठे? तुम्ही त्याला दारच ठेवलं नाही."

त्यांनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "मग त्या यंत्राची नळी बाहेर काढ. ह्या गादीला मी काज करून देतो. नळीच्या मापाचं, काठ पक्का शिवून. माशांना बाहेरची हवा, आत गाळी नाही."

गाळी म्हणजे वारा. हा शब्द ते कन्नडातच म्हणायचे, कारण त्यांना त्याची भीती कन्नडातच वाटायची. त्यांचे वडील म्हणे थंडीची गाळी लागूनच गेले होते.

इथे वाचकांनी क्षणभर थांबावं, कारण मोहल्ल्यात सांगतात त्या गोष्टीत हे कधीच नसतं. काज पुरलं असतं. हुणसूरला मी तेच केलं होतं. त्या बोटभर नळीनं मासे सुटले असते, प्रवाळ उघडले असते, माझं काम झालं असतं आणि माझं नाव राहिलं असतं. मला फक्त "करा" म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "मासे सुटतील. पांडूचं काय?"

"पांडूचं डॉक्टर बघतील."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना खोलीत हवा खेळती ठेवा म्हणून? तुम्हीच मला सांगितलंत."

"डॉक्टर सांगतात रे. त्यांचा भाऊ आहे काय?"

तिथे माझा तोल गेला. आवाज चढला तो खाली रस्त्यावर ऐकू गेला असेल. "तुम्ही माणसाला जिवंतपणी कोटाच्या आत शिवून टाकलंय, अण्णा! वर बटणंही लावलीत!"

"शिपाई, आवाज खाली."

"नाही करत. प्रवाळ मिटलेले तुम्हाला दिसतात, कारण ते रंगीत आहेत. हा मिटलेला दिसत नाही?"

अण्णांनी दाराकडे बोट केलं. मी पेले उचलले. तेवढ्यात इंदिराक्का बोलली. तिनं आवाज चढवला नाही, आणि ती आमच्या दोघांकडेही बघत नव्हती.

"भावोजी, रोज सकाळी माझं डोकं ठणकतं. बाहेर गेलं की उतरतं. यांचंही ठणकत असेल. यांना सांगता येत नाही, एवढंच."

अण्णांनी बोट खाली केलं. मग ते मला म्हणाले, "किती उघडायची?"

भाव सुरू झाला की मला राग राहत नाही. "एक झडप. पूर्ण."

"वेड लागलंय? एक बोट."

"एका बोटानं काय होतंय? आठ."

"आठ बोटांत चोर येतो. दोन."

"सहा. आणि पलंग ह्या कोपऱ्यात सरकवू. वारा त्याच्या अंगावरून जाणारच नाही, पायथ्यावरून जाईल."

"पलंग टाकीसमोरून हलायचा नाही."

"मग टाकी वळवतो. रिकामी करून, परत भरून. माझा दिवस जाईल. जाऊ दे."

ते बघत राहिले. "तीन."

"चार. ऊन आहे तोवर चार, ऊन गेलं की दोन. कानटोपी राहू दे, वर शाल घाला. उदबत्ती बंद."

"देवापुढची?"

"देवापुढची देवघरात लावा. इथली बंद."

"साकु, साकु," अण्णा म्हणाले. पुरे, पुरे. त्यांनी स्वतः गादीचा आकडा सोडला, झडप ढकलली आणि फटीत आपली चार बोटं आडवी घालून माप घेतलं. शिंप्याची बोटं, बारीक. मी माझी घातली असती तर खिडकी थोडी जास्त उघडली असती. पण सौदा झाला होता, मी बोललो नाही.

टाकी वळवली, पलंग कोपऱ्यात सरकवला, आणि चार बोटांत पाणी सुधारलं. हळूहळू आकडा आठला लागला. आधी मऊ प्रवाळ उघडले, मग कठीण. पांडूच्या जांभळ्या प्रवाळानं हात पसरले तेव्हा मी तिथे होतो. त्याची नजर त्यावर गेली आणि तिथेच राहिली. डाव्या हाताची दोन बोटं चादरीवर उघडायची, मिटायची. इंदिराक्का म्हणाली, "कापताहेत." सकाळी तो आता लवकर जागा व्हायचा. तिची डोकेदुखी गेली. ती हसायलाही लागली होती.

मी दर आठवड्याला जायचो. जिना चढून गेलो की पांडूशी दोन शब्द बोलायचो, तो अर्थात बोलायचा नाही, आणि मग मीटर बघायचो.

"अण्णा, काल खिडकी बंद होती."

"कोण सांगितलं? इंदिरा?"

"पाणी."

"हे बरं आहे. घरात पहारेकरी आणून बसवलाय." पण दुसऱ्या दिवशी ते उघडायचे.

मग खरी थंडी पडली. पांडूला खोकला झाला, मग ताप, मग छाती भरली. इस्पितळात नेलं. तिथून तो परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, इतके महिने पडून असलेल्या माणसाची छाती अशी भरतेच. खिडकी असो वा नसो. मी डॉक्टर नाही. माझ्याकडे होतं ते पाण्याचं ज्ञान होतं, आणि मी त्याच्या पलीकडचं काही बोललो नव्हतो.

अंत्यविधीच्या दिवशी अंगण माणसांनी भरलेलं होतं. मोहल्ल्यातले शिंपी, देवळातली मंडळी, माझे शेजारी दुकानदार. मी आत शिरलो तेव्हा अण्णांनी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मासे बरे आहेत ना, शिपाई?"

मी उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतं म्हणून नव्हे. काजाची गोष्ट माझ्या तोंडाशी आली होती. ती अजून एका माणसाला माहीत होती, आणि इंदिराक्का तिथेच बायकांत बसली होती. मी तिच्याकडे बघितलं. तिनं पदर पुढे ओढला. तिचा नवरा गेला होता, हे मला कळतं. तरीही. एक शब्द ती बोलली असती, तेव्हा नाही तर वर्षानं, तर ते वाक्य अंगणातून बाहेर पडलं नसतं. ती बोलली नाही. वाक्य संध्याकाळपर्यंत मार्केटात पोचलं. त्यानंतर त्या घराण्याच्या ओळखीतलं एकही गिऱ्हाईक माझ्या पायरीवर चढलं नाही. मी ज्यांना जाब विचारायला गेलो त्यांनी मला रागीट ठरवलं. ते मी आहेच. पण रागीट माणूस खोटा असतो, असं कुणी ठरवलं?

एवढं मोहल्ल्याला माहीत आहे. पुढचं माहीत नाही, कारण तेव्हा आम्ही दोघंच होतो.

दिवस झाले, पाहुणे गेले, आणि अण्णांचा निरोप आला, टाकी घेऊन जा. मी दुपारी गेलो. मोठे डबे, नळ्या, प्रवाळ न्यायच्या पेट्या, सगळं घेऊन. त्यांनी मला या म्हटलं नाही. पुढे होऊन जिना चढले आणि खोलीचं दार उघडलं. पांडूला नेलं त्या दिवसापासून तिथे कुणी राहिलं नव्हतं. इंदिराक्का खालच्या खोलीत झोपायची. कुणीतरी वर येऊन माशांना खाणं टाकून जायचं, तेवढंच. गाद्या दोन्ही खिडक्यांवर परत चढल्या होत्या, आकडे घट्ट. पलंगावर नुसती चटई. टाकीतले दिवे चालू होते.

पाणी उपसायच्या आधी मी मीटरची तार पाण्यात सोडली. तशी गरज नव्हती. हाताला सवय.

आठ पूर्णांक तीन.

त्या टाकीनं हा आकडा कधी दाखवला नव्हता, चार बोटांतही नाही. मी तार काढली, मीटर तपासायच्या द्रावणात बुडवून खात्री केली, पुसली, परत सोडली. आठ पूर्णांक तीन. मी प्रवाळांकडे बघितलं. जांभळा इतका फुलला होता की शेजारच्या हिरव्याला लागला होता.

"काय झालं?" अण्णा म्हणाले. "बिघडलं?"

"नाही. फार चांगलं आहे. समुद्राच्याही वर."

त्यांनी खिडक्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज अगदी खाली होता, आणि त्या माणसाचा मला तेव्हाच पहिल्यांदा धाक वाटला.

"खिडकी बंद आहे, शिपाई. त्या दिवसापासून बंद आहे. मी एक बोटही उघडलेली नाही. तरी पाणी चांगलं?" ते एक पाऊल पुढे आले. "मग मला का उघडायला लावलीस?"

धंद्यात अशी वेळ येते की समोरचा स्वतःहून सगळं तुमच्या हातात ठेवतो. फक्त मूठ मिटायची असते. मी इतके दिवस ज्या क्षणाची वाट बघत होतो तो हाच. माझं बरोबर होतं, हे पाणी सांगत होतं, आणि विचारत होते ते स्वतः. मला ते सांगायचं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. पण ते उत्तरासाठी थांबले होते, आणि दुसरं खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

"अण्णा," मी म्हणालो, "आता इथे श्वास घ्यायला कुणी नाही."

त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांना कधीच लागत नसे. ते मागे सरकले, पलंगाची कड पायाला लागली, आणि ते चटईवर बसले. पंपाचा आवाज तेवढा चालू होता. मी नळी हातात धरून उभा.

"म्हणजे इतके दिवस तो आकडा खाली होता तो," ते म्हणाले, "पांडूनं."

"पांडूनं, इंदिराक्कानं, तुम्ही. जे कुणी इथे बसत होतं त्यांनी."

"त्याचा श्वास पाण्यात जात होता."

"थोडा."

त्यांनी टाकीकडे बघितलं. पांडू बघायचा तसंच, मान न हलवता, नुसत्या डोळ्यांनी. एक मासा डावीकडे गेला, ते त्याच्यामागे गेले.

"स्वल्प खाली आण," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"आकडा. होता तिथे आण."

"खाली आणायचा नसतो, अण्णा. वर न्यायचा असतो. सगळा धंदा त्यासाठीच..."

"कुणी बसलं इथे, तर येईल?"

मी मीटरकडे बघितलं. मग हो म्हणालो.

"टाकी राहू दे," ते म्हणाले.

मी डबे उचलले, नळ्या गुंडाळल्या, पेट्या एकात एक घातल्या. तार पाण्यातच राहू दिली. दाराशी पोचून मागे बघितलं तर ते पलंगाच्या कडेवर पुढे वाकून बसले होते, हात गुडघ्यांवर, डोळे मीटरवर, आकडा उतरायची वाट बघत. तो असा बघता बघता उतरत नाही, त्याला तास लागतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. खिडकीचंही बोललो नाही. दार ओढून घेतलं आणि जिना उतरलो.